अण्णांचा बाप्तिस्मा

पूर्णिमाला वडील गेल्याचा फोन आला तेव्हा ती एका बाईचं रक्त घेत होती. बहरैनमध्ये रिफा इथल्या एका खासगी दवाखान्याच्या लॅबमध्ये ती टेक्निशियन आहे. खिशात फोन थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. तिनं सुई काढली, बाईला कापूस दाबून धरायला सांगितला, नाव आणि जन्मतारीख विचारून नळीवरच्या लेबलशी ताडून पाहिली, आणि मग बाहेर येऊन फोन घेतला. जालन्याहून चुलतभाऊ बोलत होता. अण्णा सकाळी अंघोळीचं पाणी काढताना पडले होते. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

ती ‘बरं’ म्हणाली. आत जाऊन तिनं आणखी चार जणांचं रक्त घेतलं. चौघांच्याही शिरा पहिल्या खेपेलाच सापडल्या. मग सुपरवायझरकडे जाऊन रजा मागितली.

तिचा धाकटा भाऊ प्रवीण बहरैनलाच असतो, अस्करकडे ॲल्युमिनियमच्या कारखान्यात, शिफ्टमध्ये. बायको-मुलं पुण्याला. दोघं बहीणभाऊ त्याच संध्याकाळच्या विमानानं निघाले. विमानात त्यानं विचारलं, “ताई, खाल्लंस का काही?” ती म्हणाली, “हो.” खाल्लं नव्हतं. पण भूकही नव्हती, म्हणून खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही.

अण्णांना अग्नी प्रवीणनं दिला. ख्रिस्ती मुलानं हिंदू बापाला अग्नी द्यावा का, यावर स्मशानात कोणी काही बोललं नाही. मार्चचं ऊन होतं. पूर्णिमा बायकांमध्ये उभी होती. सगळ्या तिच्याकडे बघत होत्या, ती रडेल म्हणून. तिला रडू आलं नाही. तिसऱ्या दिवशी ती परत आली आणि पाचव्या दिवशी कामावर होती.

अण्णा, म्हणजे बाळाजी उगले, मिशनच्या दवाखान्यात ॲम्ब्युलन्स चालवायचे. तिथल्याच सुवार्ता नावाच्या नर्सशी त्यांनी लग्न केलं. त्यांच्या घरच्यांनी सहा वर्षं बोलणं टाकलं होतं. मुलांना आईनं चर्चमध्ये वाढवलं, अण्णांनी हरकत घेतली नाही. दर रविवारी ते सगळ्यांना स्कूटरवरून दोन खेपांत चर्चला सोडायचे आणि उपासना संपेपर्यंत बाहेर लिंबाखाली पेपर वाचत बसायचे. पाळकसाहेब बाहेर येऊन म्हणायचे, “बाळाजीराव, आत या की. बाप्तिस्मा कधी घेताय?” अण्णा पेपरची घडी करायचे आणि म्हणायचे, “बघू.”

आईनं विचारलं तरी तेच. आई शेवटच्या आजारात होती तेव्हा तिनं त्यांचा हात धरून विचारलं, तेव्हाही ते “बघू” म्हणाले. हो कधी म्हणाले नाहीत. नाही असंही कधी म्हणाले नाहीत.

बहरैनमध्ये मराठी ख्रिस्ती मंडळी थोडी आहेत, पन्नास-साठ माणसं. मनामातल्या एका चर्चच्या आवारात त्यांना शुक्रवारी दुपारी साडेतीन ते पाच असा वेळ मिळतो. आधी तेलुगू लोकांची उपासना असते, नंतर फिलिपिनो लोकांची. खुर्च्या तेलुगू लोक लावतात, फिलिपिनो लोक उचलतात, मराठी लोकांना त्या आयत्या मिळतात. तिथे पाळक नाही. शिरीष साळवे म्हणून बँकेत नोकरी करणारे गृहस्थ सगळं बघतात. लोक त्यांना ‘ब्रदर’ म्हणतात. पूर्णिमा तिथे शास्त्राभ्यास, म्हणजे बायबलचा वर्ग घ्यायची, गेली सात-आठ वर्षं. तिचं वाचन चांगलं होतं आणि ती उगीच आवाज चढवत नसे, म्हणून लोकांना ती आवडायची.

परत आल्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी शिरीष ब्रदरनी दोघांसाठी प्रार्थना केली. सांत्वन मागितलं, शांती मागितली. अण्णांविषयी मात्र एक शब्दही आला नाही, कारण काय मागायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. नंतर चहाच्या वेळी एका म्हाताऱ्या गृहस्थानं प्रवीणच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, “देवानं त्यांना किती वेळा संधी दिली होती रे.” त्यांच्या मनात वाईट नव्हतं. प्रवीणनं चहाचा कप तसाच ठेवला आणि गाडीत जाऊन बसला.

त्यानंतर तो शुक्रवारी येईनासा झाला. शिफ्ट आहे म्हणायचा. मे महिन्यात त्यानं बहिणीला खरं सांगितलं. कारखान्यात एडविन नावाचा एक फिलिपिनो क्रेनचालक त्याच्याबरोबर होता. तो मॉर्मन, म्हणजे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत निघालेल्या एका ख्रिस्ती पंथाचा. अण्णा गेल्याचं कळल्यावर एडविननं एवढंच विचारलं होतं, “तुझ्या वडिलांचं नाव काय होतं?” तोवर बहरैनमध्ये कोणीच नाव विचारलं नव्हतं. प्रवीण एडविनबरोबर त्यांच्या सभेला गेला, मग पुन्हा गेला. जुलैमध्ये त्यानं त्यांच्यात बाप्तिस्मा घेतला.

मंडळीत ही बातमी पसरायला एक आठवडा पुरला. शिरीष ब्रदर हूराला पूर्णिमाच्या घरी आले. नवरा संतोष कामावर होता. ते सोफ्याच्या कडेवर बसून म्हणाले, “ताई, आणखी दोन कुटुंबं त्या चर्चची चौकशी करतायत. लोकांना माहीत पाहिजे ही शिकवण काय आहे ते. चार शुक्रवार घ्या. मी दुसऱ्या कोणालाही सांगू शकतो, पण तुम्ही घेतलंत तर कोणी असं म्हणणार नाही की प्रवीणवर राग काढला.”

“बरं,” ती म्हणाली.

तिनं तयारी नीट केली. विरोधकांनी लिहिलेलं वाचलंच, पण त्या चर्चनं स्वतः आपल्या वेबसाइटवर काय कबूल केलंय तेही वाचलं, कारण दुसऱ्याचा रिपोर्ट बघून आपला रिपोर्ट लिहायचा नाही ही तिची सवय होती. पहिल्या शुक्रवारी तिनं त्या पंथाच्या संस्थापकाविषयी, जोसेफ स्मिथविषयी सांगितलं. चौदा वर्षांचा असताना रानात देवाचं दर्शन झालं असं हा माणूस म्हणतो. पण ते लिहून ठेवतो बारा वर्षांनी, आणि दर वेळी वेगळं. एकदा प्रभू दिसला म्हणतो, नंतर पिता आणि पुत्र असे दोघं दिसले म्हणतो. देवदूतानं दाखवलेल्या सोन्याच्या पत्र्यांवरचं लिखाण तो टोपीत दगड ठेवून, टोपीत तोंड घालून वाचायचा, आणि पत्रे शेवटी देवदूत परत घेऊन गेला. त्यातून झालेल्या त्यांच्या धर्मग्रंथातल्या प्राचीन अमेरिकेत घोडे आहेत, पोलाद आहे, मोठमोठी शहरं आहेत. बाहेरच्या संशोधकांना जमिनीत त्यांचा मागमूस लागलेला नाही.

दुसऱ्या शुक्रवारी इजिप्तचे कागद. अब्राहामानं स्वतःच्या हातानं लिहिलेले म्हणून स्मिथनं त्यांचं भाषांतर केलं. पुढं त्या कागदांचे तुकडे एका संग्रहालयात सापडले. जाणकारांनी वाचले तर ते प्रेताबरोबर ठेवायचे नेहमीचे मंत्र निघाले. मग स्मिथच्या बायका, तीस-चाळीस, त्यातली एक पंधराचीसुद्धा झालेली नव्हती. हे सांगताना पूर्णिमाचा आवाज रक्तातली साखर सांगावी तसाच होता. तिसऱ्या शुक्रवारी शिकवण. देव एके काळी माणूस होता आणि माणूस पुढे देव होऊ शकतो. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हा एक देव नाही, तीन वेगळे. कृपा आहे, पण आपल्याला शक्य ते सगळं करून झाल्यावर. “आपल्याकडे कृपा आधी येते,” ती म्हणाली. लोक माना हलवून लिहून घेत होते. शिरीष ब्रदर म्हणाले, इतकं स्वच्छ कोणी सांगितलं नव्हतं.

चौथा शुक्रवार बाकी होता, त्याच्या आदल्या शनिवारी प्रवीण जेवायला आला. बहिणीनं त्याच्या नव्या चर्चविरुद्ध तीन व्याख्यानं दिली आहेत हे त्याला माहीत होतं. त्यानं तो विषय काढला नाही. बाहेर ऑगस्टची उष्णता होती, खिडकीच्या काचेला हात लावता येत नव्हता. संतोष आणि मुलगी स्पृहा जेवायला बसले होते.

“ताई,” प्रवीण म्हणाला, “अण्णांची खरी जन्मतारीख तुला माहितीये ना?”

“कागदावर आहे की. एक जून एकोणपन्नास.”

“ती शाळेत मास्तरांनी टाकलेली. त्या वर्गात सगळ्यांचीच एक जून असंल. आईनं तुला खरी सांगितली होती.”

“कशाला पाहिजे?”

“अण्णांचा बाप्तिस्मा करायचाय. जानेवारीत एडविन गावी जातोय, मनिलाला त्यांचं टेंपल आहे. मी जाणार बरोबर.”

संतोषनं चमचा खाली ठेवला. पूर्णिमानं प्रवीणच्या ताटात आमटी वाढली.

“मेलेल्या माणसाचा बाप्तिस्मा होत नसतो,” ती म्हणाली.

“पाण्यात मी उतरायचं, माझ्या अंगानं. त्यांच्या नावानं. स्वीकारायचं की नाही ते अण्णांनी तिकडं ठरवायचं. आमच्यात जबरदस्ती नाही.”

‘आमच्यात’ हा शब्द तिच्या लक्षात आला.

“पौलानं पत्रात लिहिलंय, मेलेल्यांसाठी बाप्तिस्मा घेतात म्हणून,” तो म्हणाला.

“ते लोक करतात, असं लिहिलंय. आपण करतो, असं नाही लिहिलं. पुढंमागं कुठंही कोणाला तशी आज्ञा नाही. आणि तुमच्या पुस्तकातच आहे, देवाला भेटायची तयारी करायची ती याच आयुष्यात, नंतर वेळ नाही.”

“माहितीये. वाचलंय मी. दगड वाचलाय, इजिप्तचे कागद वाचलेत, बायकांचंही वाचलंय. तू शिकवायच्या आधी.”

“मग?”

“मग काही नाही.” त्यानं पोळीचा तुकडा मोडला. “अण्णांनी नाही कधीच म्हटलं नव्हतं, ताई. बघू म्हटलं होतं. तुमच्याकडं त्या बघूचं काय होतं?”

स्पृहाला मराठी समजतं, पण ती बोलते इंग्रजीच. तिनं दोघांकडे बघितलं आणि विचारलं, “डिड आजोबा वॉन्ट इट?”

“भात घे,” पूर्णिमा प्रवीणला म्हणाली. त्यानं घेतला. तारीख तिनं सांगितली नाही, आणि त्यानंही पुन्हा विचारली नाही.

चौथ्या शुक्रवारी विषय तोच होता, मेलेल्यांसाठी बाप्तिस्मा. तिनं पौलाचं वाक्य मूळ ग्रीकमधल्या ‘ते’ आणि ‘आम्ही’सकट समजावून सांगितलं. माणसाला एकदाच मरायचं असतं आणि त्यानंतर न्याय असतो, हे सांगितलं. प्रभूशेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला बाप्तिस्म्याचं पाणी लागलं नव्हतं, शेवटच्या घटकेची एक विनंती पुरली होती. पण ती त्यानं जिवंत असताना केली होती. मेल्यावर स्वर्ग आणि नरक यांच्या मधली दरी कोणाला ओलांडता येत नाही. पस्तीस मिनिटांत तिचं बोलून झालं.

प्रश्न कोणी विचारेल असं तिला वाटलं नव्हतं. हेमानं हात वर केला. हेमा रत्नागिरीकडची, हूराला एका ब्यूटी पार्लरमध्ये काम करणारी. दोन वर्षांपूर्वी ती विश्वासात आली होती. घरची सगळी हिंदू, आई त्याआधीच गेलेली.

“ताई, मग माझी आई?” हेमानं विचारलं. मग जरा हळू, “आणि तुमचे वडील?”

शिरीष ब्रदर खुर्चीत पुढे सरकले, पण पूर्णिमानं त्यांच्याकडे बघितलं नाही.

“न्याय करणारा तो आहे, मी नाही,” ती म्हणाली. “मला शास्त्रात लिहिलंय तेवढंच सांगता येतं. आईला शेवटच्या क्षणी काय दिसलं, ती काय म्हणाली, ते आपल्याला माहीत नाही. पण ती गेल्यानंतर आपण काहीतरी करून ते बदलू शकतो, असं मी तुला सांगणार नाही. मला तसं कुठं सापडलं नाही.”

“तुम्हाला वाईट नाही वाटत?”

“वाटत असेल,” ती म्हणाली.

हेमा खाली बघून रडायला लागली. शेजारच्या बाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. पूर्णिमानं वही मिटली आणि समारोपाची प्रार्थना सांगितली. प्रार्थना नेहमीइतकीच लांब झाली. बाहेर फिलिपिनो लोक गिटार घेऊन थांबले होते.

पुढच्या आठवड्यात लॅबमध्ये वॉर्डमधून एक नमुना आला. नळीवर नाव बरोबर, जन्मतारीख दुसरी. नर्स म्हणाली, “मॅडम, सेम पेशंट है, मैंने खुद लिया है.” पूर्णिमानं तो घेतला नाही. नाव आणि तारीख दोन्ही जुळल्याशिवाय ते रक्त कोणाचंच नसतं, हे ती रोज नव्या मुलींना शिकवते. नर्स कुरकुरत पुन्हा रक्त घ्यायला गेली.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत पॅन्ट्रीत बसून तिनं प्रवीणला लिहिलं. आई सांगायची ते तिला पाठ होतं. अण्णांचा जन्म पोळ्याच्या करीच्या, म्हणजे दुसऱ्या दिवशी झाला, हैदराबादच्या पोलीस ॲक्शनच्या साधारण दहा दिवस आधी. रझाकारांच्या भीतीनं गावातली बायकापोरं बाहेर काढली होती आणि आजी एका शेतातल्या आखाड्यावर, गुरांच्या खोपटात, बाळंत झाली. पूर्णिमानं कधीतरी जुनं पंचांग शोधून दिवस काढून ठेवला होता.

‘४ सप्टेंबर १९४८. तू करतोयस ते खोटं आहे असं मला अजूनही वाटतं. पण नाव अण्णांचं घालणार असशील तर तारीखही त्यांचीच घाल.’

तिनं ते पाठवलं आणि डबा संपवला. प्रवीणचं उत्तर शिफ्ट सुटल्यावर आलं. ‘थँक्यू ताई.’

ही गोष्ट तिनं लपवली असती तर कोणाला कळली नसती. पण तिला शिकवायला उभं राहायचं होतं, म्हणून शुक्रवारी उपासनेआधी पार्किंगमध्ये तिनं शिरीष ब्रदरना सांगून टाकलं. त्यांना आधी नीट कळलंच नाही.

“चार आठवडे तुम्ही आम्हाला हे चूक आहे म्हणून शिकवलंत. आणि मग तारीख दिलीत?”

“हो.”

“का पण, ताई?”

“चुकीची पडली असती.”

त्यांनी गाडीची किल्ली खिशात टाकली. माणूस कठोर नव्हता. “तुमचा विश्वास तर बदलला नाही ना?”

“नाही.”

“मग मला काही कळत नाही,” ते म्हणाले. “थोडे दिवस शिकवणं थांबवू या. तुम्ही विश्रांती घेतलीच नाही, अण्णा गेल्यापासून. लोक विचारतील तर मी विश्रांती म्हणूनच सांगेन.”

“बरं.”

तेव्हापासून ती तिसऱ्या रांगेत बसायला लागली. अभ्यास शिरीष ब्रदर स्वतः घ्यायला लागले. ते एक-दोन ठिकाणी चुकायचे, ती दुरुस्त करायची नाही. हेमा काही आठवडे आली नाही, मग यायला लागली आणि पूर्णिमाच्या शेजारी बसायला लागली. त्या दोघी त्या प्रश्नाविषयी पुन्हा बोलल्या नाहीत. हेमा तिला गाण्याच्या पुस्तकातलं पान काढून द्यायची.

संतोषला काळजी वाटायची. तो म्हणायचा, “एकदा मोकळी हो.” ती म्हणायची, “मी ठीक आहे.” ती जेवायची, झोपायची, स्पृहाच्या शाळेच्या मीटिंगला जायची. प्रार्थनाही करायची. शब्द ठरलेले होते, ते यायचे. पूर्वी त्या शब्दांपलीकडे कोणीतरी ऐकतंय असं वाटायचं. आता ऐकत असेल असं ती मानत होती. मानणं सुटलं नव्हतं, एवढं तिला पुरत होतं.

जानेवारीच्या शेवटी प्रवीण मनिलाहून परत आला. शुक्रवारी संध्याकाळी तो घरी आला. स्पृहासाठी वाळवलेल्या आंब्याची पाकिटं आणली होती. संतोष स्पृहाला घेऊन बाहेर गेला होता, त्यामुळे दोघंच होते. पूर्णिमानं चहा टाकला. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

“झालं,” तो म्हणाला.

“बरं.”

“नाव वाचणाऱ्याला उगले म्हणता येईना. दोनदा चुकला. मग मी सांगितलं कसं म्हणायचं ते. पुन्हा पहिल्यापासून केलं.”

“तारीख?”

“बरोबर होती. मी बघितली.”

तिनं साखर घातली. “पाणी गार होतं का?”

“कोमट.”

चहाला उकळी आली. तिनं गॅस बारीक केला आणि विचारलं, “तुला काही जाणवलं?”

प्रवीणला हा प्रश्न अपेक्षित नसावा. त्यानं ओट्यावरचे दोन कप तिच्याजवळ सरकवले.

“एडविन रडला,” तो म्हणाला. “तिथं बाकीचेही रडत होते. मला वाटलं होतं काहीतरी होईल. पाण्यातून वर आलो, कपडे बदलले, बाहेर येऊन बाकावर बसलो. काहीच नाही, ताई. स्मशानातही नाही, तिथंही नाही.” मग त्यानं सावरून घेतलं. “म्हणजे ते खोटं आहे असं नाही मी म्हणत.”

“मी पण तसं नाही म्हटलं आत्ता.”

“तुला?”

“मलाही नाही,” ती म्हणाली. “फोन आला तेव्हापासून नाही.”

संतोषलासुद्धा तिनं हे सांगितलं नव्हतं. प्रवीणनं मान हलवली. तिनं चहा गाळला आणि दोघं बाहेरच्या खोलीत येऊन बसले. वाद घालायला आता बरीच जागा होती. तिच्याजवळ उत्तरं होती आणि त्याच्याजवळही काही असणार. कोणी सुरुवात केली नाही. त्यानं मनिलाच्या ट्रॅफिकचं सांगितलं. तिनं विचारलं की पुढच्या महिन्यात शिफ्ट कुठली आहे.

निघताना तो बूट घालायला वाकला आणि वर न बघताच म्हणाला, “शनिवारी येऊ का जेवायला?”

“ये की,” ती म्हणाली. “हामूर मासा आणून ठेवते.”

लिफ्टचं दार बंद होईपर्यंत ती दारात उभी राहिली. मग आत येऊन तिनं आंब्याची पाकिटं फ्रिजवर ठेवली आणि कुकर लावायला घेतला.